शंभरपैकी शंभर, तरी वाचता येत नाही

धुळ्याच्या राजवाडे संशोधन मंडळाचे नाव खानदेशातल्या बहुतेक शिक्षकांच्या कानावरून गेलेले असते. इतिहासाचार्य वि. का. राजवाडे ३१ डिसेंबर १९२६ रोजी धुळ्यात वारले आणि पुढच्या वर्षी त्यांच्या नावाचे हे मंडळ उभे राहिले. गावोगाव फिरून त्यांनी जुने कागद जमवले, त्यांचे २२ खंड निघाले. त्या खंडांचे नाव ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’. इतिहास नव्हे, इतिहासाची साधने. कागद साक्ष देतो, पण त्या कागदाला काय दिसले आणि काय दिसणे शक्यच नव्हते हे माणसाला ठरवावे लागते. बखरींवर राजवाड्यांचा भरवसा कमी होता. घटनेच्या वेळी लिहिलेले पत्र त्यांना मोलाचे वाटे. दोन बखरी एकच हकीकत सांगत असतील, तर इतिहास शिकणाऱ्याने आधी विचारावे, की दुसरीने पहिलीवरून नक्कल तर केली नाही?

या लेखातली साधने मात्र संगणकातली आहेत. एखादी वेबसाइट अंध, अल्पदृष्टी, बहिऱ्या किंवा हात नीट न चालणाऱ्या माणसाला वापरता येते की नाही, हे आपोआप तपासून सांगणारी. त्यांचा इतिहास पाव शतकाहून थोडा जास्त आहे. तो वाचताना मला सारखे राजवाडे आठवत राहिले, कारण इथेही बखरी आहेत, नकला आहेत आणि एका साक्षीवर निकाल देणारी घाईची माणसे आहेत.

आधी थोडे मूळ. अंध माणूस संगणक किंवा मोबाइल वापरतो तो स्क्रीन रीडर नावाच्या प्रोग्रॅमच्या मदतीने. पडद्यावरचा मजकूर हा प्रोग्रॅम मोठ्याने वाचतो. अमेरिकेत टेड हेंटर यांनी १९८९ मध्ये ‘जॉज’ आणला, तो अजून चालतो, पण महाग आहे. ऑस्ट्रेलियातल्या मायकेल करन या अंध तरुणाने २००६ मध्ये ‘एनव्हीडीए’ लिहायला घेतला. तो फुकट आहे आणि मराठीही बोलतो. अँड्रॉइड मोबाइलमध्ये ‘टॉकबॅक’ आधीपासूनच असतो. म्हणजे आज जळगाव-धुळ्यातल्या अंध विद्यार्थ्याच्या हातात यंत्र आहे, आवाज आहे. अडते ते समोरच्या पानावर. चित्राला वर्णन नसेल तर स्क्रीन रीडर नुसते ‘चित्र’ म्हणतो. रकान्याला नाव जोडलेले नसेल तर ‘रकाना’ म्हणतो. त्यात आईचे नाव लिहायचे की आधार क्रमांक, हे कळत नाही. बटण फक्त माउसनेच दाबता येत असेल तर माउस न वापरणाऱ्यासाठी ते बटण नाहीच.

२०११ च्या जनगणनेत देशात २ कोटी ६८ लाख अपंग व्यक्तींची नोंद झाली, त्यातल्या सुमारे ५० लाख दृष्टिबाधित. महाराष्ट्रातला एकूण आकडा २९ लाखांच्या पुढे होता. शिष्यवृत्ती, प्रवेश, परीक्षेचा अर्ज, निकाल, अपंगत्वाचे ओळखपत्र, बँक, रेशन असे सगळे वेबसाइटवर गेल्यावर या माणसांपुढे दोनच रस्ते उरतात. एक तर पान त्यांना वाचता आले पाहिजे. नाहीतर ई-सेवा केंद्रातल्या अनोळखी माणसाला आधार क्रमांक, पासवर्ड आणि मोबाइलवर आलेला ओटीपी असे सगळे सांगून अर्ज भरून घ्यायचा. आपण डोळस लोक ज्याला खासगी म्हणतो, ते त्यांना दर वेळी दुसऱ्याच्या हाती द्यावे लागते.

आता साधनांचा इतिहास. अमेरिकेतल्या मॅसॅच्युसेट्स राज्यात ‘कास्ट’ नावाची संस्था आहे. तिने १९९६ मध्ये एक फुकट सेवा सुरू केली. वेबसाइटचा पत्ता टाकायचा आणि पान तपासून घ्यायचे. नाव ‘बॉबी’, म्हणजे इंग्लंडमधला साधा शिपाई, आणि खूण त्याच्याच टोपीची. पानावर चूक असेल तिथे टोपी दिसे. पान उत्तीर्ण झाले की ‘बॉबीने मान्य केले’ असा बिल्ला पानावर लावता येई. त्यानंतर तीन वर्षांनी, ५ मे १९९९ रोजी, वेबचे नियम ठरवणाऱ्या ‘डब्ल्यू३सी’ या संघटनेने सुगम्यतेचे पहिले नियम जाहीर केले. आज ‘डब्ल्यूसीएजी’ म्हणून ओळखले जातात ते हेच. २००८, २०१८ आणि २०२३ मध्ये त्यांच्या पुढच्या आवृत्त्या आल्या.

बॉबीचा बिल्ला फार लोकप्रिय झाला आणि तिथेच खोट शिरली. बॉबीच्या अहवालात दोन भाग असत. एका भागात यंत्राला सापडलेल्या चुका आणि दुसऱ्यात ‘हे माणसाने तपासा’ अशी यादी. पहिला भाग स्वच्छ झाला की लोक बिल्ला लावून मोकळे होत, दुसरा भाग वाचायचा कंटाळा. शाळेतही असेच असते. हजेरीपट पूर्ण असला की तपासणी अधिकारी खूश, मुलांना वाचता येते का हे विचारायला वेळ नसतो. २००२ मध्ये बॉबी ‘वॉचफायर’ या कंपनीकडे गेला, ती कंपनी पुढे आयबीएमने घेतली आणि २००८ मध्ये ही फुकट सेवा बंद झाली.

याच काळात सिडनीत एक खटला झाला. ब्रूस मॅग्वायर या अंध गृहस्थांनी तक्रार केली की २००० च्या ऑलिंपिकच्या वेबसाइटवर चित्रांना वर्णन नाही आणि निकालाचे तक्ते वाचता येत नाहीत. ऑस्ट्रेलियाच्या मानवी हक्क आयोगाने ऑगस्ट २००० मध्ये त्यांच्या बाजूने निर्णय दिला. दुरुस्ती पुरती झाली नाही तेव्हा आयोजकांना २० हजार ऑस्ट्रेलियन डॉलर भरपाई द्यावी लागली. वेबसाइट न वाचता येणे हा भेदभाव आहे, हे जगात इतक्या स्पष्टपणे सांगणारा हा अगदी सुरुवातीचा निवाडा. आणि तो कुठल्या यंत्राच्या अहवालावर उभा नव्हता. एका माणसाला वाचता आले नाही, ही त्यातली मूळ साक्ष होती.

बॉबीनंतर साधने वाढली. टेंपल विद्यापीठातल्या लेन कॅसडे यांनी ‘वेव्ह’ नावाचे साधन बनवले. ते पुढे यूटा स्टेट विद्यापीठातल्या ‘वेबएम’ या संस्थेने सांभाळले आणि वाढवले. वेव्ह पानावरच रंगीत खुणा टाकते. लाल म्हणजे चूक, पिवळी म्हणजे ‘इथे संशय आहे, बघून घ्या’. २०१५ मध्ये ‘डीक्यू’ या कंपनीने ‘ॲक्स’ या साधनाचे इंजिन सर्वांसाठी खुले केले. ही कंपनी प्रीती कुमार या भारतीय वंशाच्या बाईंनी स्थापन केली आहे. ॲक्सचा स्वभाव वेव्हच्या उलट. खात्री असेल तरच बोलायचे, उगाच आरोप करायचा नाही. मग गूगलचे ‘लाइटहाउस’ आले. क्रोम ब्राउझरमध्येच असल्यामुळे ते सगळ्यांच्या हाताशी असते आणि शंभरपैकी गुण देते. गुण! आपल्या देशात शंभरपैकी गुण दिले की पुढचे कोणी काही विचारत नाही.

राजवाडे आठवतात ते इथे. लाइटहाउस सुगम्यता तपासते तेव्हा त्याच्या पोटात चालणारे इंजिन ॲक्सचेच असते, त्यातल्या निवडक कसोट्यांसह. मायक्रोसॉफ्टचे ‘ॲक्सेसिबिलिटी इनसाइट्स’ हे साधनही त्याच इंजिनावर उभे आहे. एखादी कंपनी म्हणते, “आम्ही तीन-तीन साधनांनी तपासले, तिन्हींनी पास केले.” ऐकायला भारदस्त वाटते. पण ती तीन साधने लाइटहाउस, ॲक्स आणि इनसाइट्स असतील, तर ती एकाच बखरीच्या तीन नकला आहेत. साक्षीदार एकच, त्याने अंगरखा तीनदा बदलला. ॲक्सबरोबर वेव्ह घेतले तर मात्र दोन वेगळे साक्षीदार होतात, कारण त्यांच्या कसोट्या वेगवेगळ्या लोकांनी, वेगळ्या स्वभावाने लिहिल्या आहेत. अनेक साधने वापरा असे जाणकार सांगतात, ते यासाठी.

पण वेगळे साक्षीदार गोळा करूनही किती कळते? ब्रिटनच्या शासकीय डिजिटल विभागाने २०१७ मध्ये एक मजेशीर प्रयोग केला. त्यांनी मुद्दाम एक वाईट पान बनवले आणि त्यात १४० हून जास्त अडथळे पेरले. मग एकेक करून ते पान बऱ्याच साधनांपुढे ठेवले. सर्वांत हुशार साधनाला साधारण ४० टक्के अडथळे सापडले, मागे पडलेल्यांना त्याच्या निम्मेही नाही. आणि जवळजवळ २९ टक्के अडथळे एकाही साधनाला दिसले नाहीत. सगळ्यांची बेरीज केली तरी दहातले तीन निसटले. या प्रयोगाकडे बोट दाखवून साधने निरुपयोगी आहेत असे म्हणणारे मला भेटतात. मला तो उलटाही वाचता येतो. एकट्या साधनाला ४० टक्के सापडले आणि सगळ्यांना मिळून ७१, म्हणजे दुसऱ्या-तिसऱ्या साधनाला पहिल्यापेक्षा वेगळे काही दिसत होते.

दोन वर्षांनी ऑस्ट्रियातल्या मान्युएल मातुझोविच या वेब विकासकाने उलट्या बाजूने खोडी काढली. त्याने असे पान रचले की ते कीबोर्डने वापरता येत नव्हते, स्क्रीन रीडरने वाचता येत नव्हते, माउसनेही धड चालत नव्हते. लाइटहाउसने त्याला शंभरपैकी शंभर दिले. लाइटहाउस स्वतःच अहवालात माणसाने तपासायच्या बाबींची यादी देते, हे इथे सांगायला हवे. बॉबीही देत होता.

याच वर्षी वेबएमने जगातल्या सर्वाधिक पाहिल्या जाणाऱ्या १० लाख वेबसाइटची मुखपृष्ठे वेव्हच्या इंजिनाने तपासली. ९७.८ टक्के पानांवर चुका निघाल्या. दरवर्षी ही पाहणी होते. २०२५ मध्ये आकडा ९४.८ टक्क्यांवर आला. सहा वर्षांत तीन टक्के. आणि हा आकडा फक्त यंत्राला दिसणाऱ्या चुकांचा आहे.

भारताची गोष्ट कागदावर फार चांगली आहे. अपंगांच्या हक्कांचा आंतरराष्ट्रीय करार भारताने २००७ मध्ये मान्य केला. २००९ मध्ये शासकीय वेबसाइटसाठी मार्गदर्शक तत्त्वे आली. २०१६ चा दिव्यांग हक्क कायदा २०१७ पासून लागू झाला. मधल्या काळात, २०१२ मध्ये, बंगळूरच्या ‘सेंटर फॉर इंटरनेट अँड सोसायटी’ने केंद्र सरकार आणि संलग्न संस्थांच्या सुमारे ७,८०० वेबसाइट तपासल्याचा अहवाल काढला. त्यातल्या जवळजवळ २ हजार उघडल्याच नाहीत. उरलेल्यांत अडथळ्यांचा सुकाळ. नियम येऊन तीन वर्षे झाली होती.

नियमांची ही गत का, याचे उत्तर सर्वोच्च न्यायालयाने ८ नोव्हेंबर २०२४ च्या निकालात दिले. राजीव रतुरी या दृष्टिबाधित गृहस्थांची ही याचिका २००५ पासून चाललेली. न्यायालय म्हणाले, कायदा ‘करावेच लागेल’ असे सांगतो आणि त्याखालचा नियम १५(१) मात्र सगळे ऐच्छिक मार्गदर्शनावर सोडून देतो. हे चालणार नाही. नियम कायद्याबाहेरचा ठरला आणि सरकारला बंधनकारक मानके आखायला सांगितले गेले.

पुढच्या वर्षी ३० एप्रिल २०२५ रोजी आणखी एक निकाल आला. त्यातला तपशील मला विसरता येत नाही. प्रज्ञा प्रसून या ॲसिड हल्ल्यातून वाचलेल्या. बँकेत खाते उघडताना ऑनलाइन ओळख पटवायची होती. समोरचा माणूस जिवंत आहे याची खात्री करण्यासाठी पडदा सांगत होता, डोळे मिचकावा. त्यांना डोळे मिचकावता येत नाहीत. दुसरे याचिकाकर्ते अमर जैन हे पूर्ण अंध वकील. त्यांच्यासाठी सेल्फी चौकटीत बसवणे हीच भिंत होती. न्यायमूर्ती पारडीवाला आणि महादेवन यांनी डिजिटल सेवा सर्वांना वापरता येणे हा जगण्याच्या हक्काचा, म्हणजे संविधानाच्या कलम २१ चा भाग मानला आणि २० निर्देश दिले. त्यांत सुगम्यतेच्या प्रमाणित तज्ज्ञांकडून ठरावीक काळाने तपासणी करून घेणे आहे, आणि चाचणीच्या टप्प्यात अंध व्यक्तींना सामील करून घेण्याचाही उल्लेख आहे.

‘डोळे मिचकावा’ असे सांगणारा पडदा जगातल्या कुठल्याही साधनापुढे ठेवा. अक्षरांचा रंग ठीक, बटणाला नाव आहे, रकान्यांची रचना नीट. सगळे हिरवे. त्या वाक्याने एका बाईला बँकेच्या दारातच थांबवले, हे यंत्राला दिसणार तरी कसे?

इथपर्यंतची गोष्ट कुठल्याही भाषेत सांगता आली असती. पुढची मात्र मराठीची आणि उर्दूची आहे, आणि आम्हा दोन्ही भाषा शिकवणाऱ्यांच्या फार जवळची.

मराठी संगणकावर आली ती युनिकोडच्या आधी. देवनागरीला युनिकोडमध्ये १९९१ मध्येच जागा मिळाली, पण छापखाने, वर्तमानपत्रे आणि कचेऱ्या वर्षानुवर्षे जुन्या फाँटांवर चालल्या. या फाँटांत खरी अक्षरे इंग्रजीच असतात, त्यांवर देवनागरीचा मुखवटा चढवलेला असतो. डोळ्याला ‘क’ दिसतो, संगणकाच्या लेखी तिथे रोमन लिपीतले एखादे अक्षर किंवा चिन्ह आहे. अशा फाँटात टाकलेले पान तपासणी साधनापुढे ठेवले तर ते म्हणते, मजकूर आहे, रंग ठीक आहे, पास. स्क्रीन रीडर तेच पान वाचू लागला की इंग्रजी अक्षरांची आणि विरामचिन्हांची खिचडी ऐकू येते. आजही जुन्या फाँटात बनवलेली पीडीएफ सर्रास चढवली जाते. छापील कागद स्कॅन करून चढवला तर तेवढेही नाही. ते चित्र असते, त्यात वाचायला एकही अक्षर नसते.

उर्दूची अडचण आणखी नाजूक. उर्दू वाचकाला नस्तालिक हवा. मिर्झा अहमद जमील यांनी १९८१ मध्ये ‘नूरी नस्तालिक’ तयार केला आणि कातिबांच्या हातचे काम संगणकावर आले. १९९४ च्या सुमारास दिल्लीत ‘इनपेज’ बनले आणि उपखंडातले बहुतेक उर्दू छापखाने त्यावर गेले. पण ब्राउझरला नस्तालिक नीट दाखवता येत नसे. म्हणून बरीच उर्दू वर्तमानपत्रे वर्षानुवर्षे पान इनपेजमध्ये बनवून, त्याचे चित्र करून वेबसाइटवर लावत. सौंदर्य टिकले, मजकूर हरवला. आता नस्तालिकचे वेब फाँट आहेत, मोबाइलवर उर्दू सहज लिहिता येते, तरी चित्र चढवण्याची सवय शाळा-मदरशांच्या नोटिसांपर्यंत झिरपली आहे. खुशखत लिहिलेले पान कोणाला नको असते? मलाही हवे असते. पण सुंदर अक्षर आणि वाचता येणारे अक्षर ही दोन्ही आता एकाच पानावर मिळू शकतात.

गेल्या वर्षी खानदेशातल्याच एका शिक्षणसंस्थेच्या ओळखीच्या विश्वस्तांनी मला त्यांची नवी वेबसाइट बघायला सांगितली. मजकूर मराठी आणि उर्दू, दोन्ही. बनवणाऱ्या कंपनीने लाइटहाउसचा अहवाल जोडला होता. सुगम्यता शंभरपैकी शंभर. मी ॲक्स लावले. शून्य चुका. तो निकाल अपेक्षितच होता, कारण नक्कल मुळाशी जुळणारच. मग वेव्ह लावले. लाल खूण एकही नाही, पण पिवळ्या खुणांची रांग लागली. जिथे जिथे पीडीएफचा दुवा होता, तिथे तिथे ‘ही फाइल उघडून बघा’ अशी सूचना. शिष्यवृत्तीची मुदत, फीची सवलत, प्रवेशाची यादी अशा सगळ्या कामाच्या गोष्टी नेमक्या त्या फाइलींत होत्या, आणि वेबपान तपासणारी साधने फाइलीच्या आत शिरत नाहीत. पीडीएफसाठी स्वित्झर्लंडच्या एका संस्थेने बनवलेले ‘पॅक’ नावाचे वेगळे फुकट साधन आहे. ते लावले तेव्हा खरा निकाल लागला. बहुतेक फाइली स्कॅन केलेल्या निघाल्या.

चौथे साधन सुगम्यतेचे नव्हतेच. डब्ल्यू३सीचा एचटीएमएल तपासनीस, जो पानाची बांधणी बरोबर आहे का ते पाहतो. प्रत्येक पानाच्या माथ्यावर भाषेची नोंद करायची असते. ही नोंद डोळ्याला दिसत नाही, स्क्रीन रीडर मात्र तिच्यावरून आवाज निवडतो. या वेबसाइटवर सगळ्या पानांची नोंद होती इंग्रजी. ॲक्स एवढेच बघते की नोंद आहे का आणि ती जगातल्या खऱ्या भाषेची आहे का. ‘इंग्रजी’ ही खरी भाषा आहे, म्हणून पास. पानावर मराठी आहे की उर्दू, हे ते विचारत नाही. एचटीएमएलचा तपासनीस मात्र मजकूर चाळून भाषेचा अंदाज घेतो. त्याने कुरकुर केली, की हे पान मराठी दिसते, नोंद इंग्रजीची का? जी गोष्ट सुगम्यतेच्या साधनांनी सोडली, ती दुसऱ्याच कामाच्या साधनाने पकडली.

नोंद चुकली तर काय होते, ते ऐकल्याशिवाय कळत नाही. इंग्रजी आवाजाने ते पान वाचायला घेतले आणि जे कानावर आले त्याला मराठी म्हणणे अवघड होते. नोंद हिंदीची केली तर शब्द कळतात, पण ‘चाक’ आणि ‘चहा’ यांतला च एकच होऊन बसतो, म्हणजे आपली मावशी दिल्लीहून आल्यासारखी बोलते. उर्दूच्या पानाला आणखी एक नोंद लागते, मजकूर उजवीकडून डावीकडे आहे अशी. ती नसली की विरामचिन्हे आणि आकडे भलत्याच ठिकाणी जाऊन बसतात.

शेवटची तपासणी माझ्या एका जुन्या विद्यार्थ्याने केली. त्याला दिसत नाही. मोबाइलवर टॉकबॅक लावून तो उर्दू नोटिशींच्या पानावर गेला. तिथे एक चित्र होते आणि साधनांच्या समाधानासाठी चित्राला वर्णनही दिले होते. त्याने दोनदा ऐकले आणि मला विचारले, “सर, हा ‘उर्दू नोटीस’ एवढंच म्हणतोय. नोटीस कशाची आहे?” चित्राला वर्णन आहे, ही नोंद चारही साधनांनी केली होती. वर्णन पुरते की नाही, हे त्याच्या एका प्रश्नाने ठरले. पुढे अर्जाच्या पानावर जन्मतारखेचे कॅलेंडर त्याच्या बोटांना उघडेना, आणि सगळ्यांत शेवटी ‘मी रोबो नाही’ हे सिद्ध करायला चित्रातली अक्षरे ओळखायची होती. त्या चित्राचेही वर्णन होते: ‘कॅप्चा’.

असे तपासणारे लोक शोधायला मुंबई-पुण्याला जावे लागत नाही. जळगावात दीपस्तंभ फाउंडेशनचा ‘मनोबल’ प्रकल्प आहे. यजुर्वेंद्र महाजन यांच्या या संस्थेत दृष्टिबाधित आणि इतर अपंग तरुण-तरुणी निवासी राहून स्पर्धा परीक्षांची तयारी करतात. रोज स्क्रीन रीडर वापरणारी माणसे आपल्याच शहरात आहेत. पण वेबसाइटच्या निविदेत रंग, फोटो गॅलरी आणि फिरती पट्टी यांची कलमे असतात, या तरुणांकडून तपासून घेण्याचे कलम माझ्या वाचनात आलेले नाही. तपासायला बोलावले तरी ती सेवा समजली जाते. ऑडिटरला फी देतो तशी यांनाही दिली पाहिजे. शंभर गुणांचा अहवाल छापून देणाऱ्या कंपनीपेक्षा त्यांचे काम जास्त कष्टाचे आहे.

आता झटपट उपायांचा बाजारही आला आहे. पानाच्या कोपऱ्यात एक निळे बटण बसवा, ते आपोआप सगळे सुगम करील, अशी जाहिरात असते. अमेरिकेत अशा एका मोठ्या कंपनीला फसव्या दाव्यांबद्दल २०२५ मध्ये तिथल्या व्यापार आयोगाच्या आदेशाने १० लाख डॉलर भरावे लागले. जळगाव आणि धुळे या दोन्ही जिल्ह्यांच्या शासकीय वेबसाइट एनआयसीने बनवलेल्या ज्या चौकटीवर उभ्या आहेत, तिच्या नावातच ‘सुगम्य’ शब्द आहे. माथ्यावर ‘मुख्य मजकुराकडे जा’ असा दुवा आणि अक्षरे लहान-मोठी करण्याची सोय त्या चौकटीबरोबरच मिळते. ही चांगली सुरुवात आहे. पण चौकट दिल्लीत बनते आणि तिच्यात रोज घालायची नोटीस तालुक्याच्या कचेरीत टाइप होते. ती युनिकोडमध्ये टाइप झाली की नाही, सही-शिक्क्यासाठी छापून पुन्हा स्कॅन केली की मूळ मजकुराचीच फाइल चढवली, हे तिथला लिपिक ठरवतो. त्याला हे कोणी शिकवलेले नसते.

खानदेशात कानाने शिकणे ही काही नवी गोष्ट नाही. जळगावच्या विद्यापीठाला ज्यांचे नाव आहे त्या बहिणाबाई चौधरींना लिहिता-वाचता येत नव्हते. त्यांची ओवी घरच्यांनी ऐकून टिपून घेतली, म्हणून १९५२ मध्ये पुस्तक निघू शकले. तिथे बोललेले कोणीतरी लिहून घेतले. इथे लिहिलेले कोणीतरी बोलून दाखवायचे आहे, आणि ते काम करायला यंत्र तयार बसले आहे, फक्त त्याच्यापुढे अक्षरांचे चित्र न ठेवता अक्षरे ठेवायला हवीत.

त्या शिक्षणसंस्थेच्या वेबसाइटचे काम अजून चालू आहे. भाषेच्या नोंदी एका दुपारी दुरुस्त झाल्या. कॅलेंडर काढून दिवस, महिना आणि वर्ष असे तीन साधे रकाने आले. कॅप्चाच्या जागी मोबाइलवर ओटीपी येतो. उर्दू नोटिसा पुन्हा टाइप करायला दोन शिक्षिका बसल्या आहेत, जुन्यांपैकी ज्यांची मुदत अजून संपलेली नाही त्या आधी. लाइटहाउसचा आकडा दुरुस्तीनंतर एका बटणाच्या रंगामुळे ९७ वर आला, म्हणून कंपनीचा माणूस थोडा नाराज आहे.